बैलाच्या नाकातली कडी आणि माझा चुकलेला बेंदूर

आधी एक करा. अंगठा आणि तर्जनी स्वतःच्या नाकपुड्यांत घाला आणि मधला पडदा चिमटीत धरा. लाजू नका, अंक वाचताना कोण बघतंय! टोकाला मऊ लागेल, जरा आत गेलं की कडक हाड असल्यासारखं लागेल. आता चिमूट दाबून हळूच ओढा. डोळ्यांत पाणी आलं ना? मान आपोआप हाताच्या मागं गेली ना?

झालं. माझा धंदा तुम्हाला निम्मा समजला. उरलेला निम्मा समजावत मी पाच वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरते आहे आणि आता घसा बसलाय.

जनावरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आहे. ऑफिस विश्रामबागेत, खाली दाताचा दवाखाना. त्यामुळे सुई बघून ओरडणारे दोन्ही मजल्यांवर सारखेच. माझं काम बैलांच्या नाकाचं. बैलाच्या नाकातला तो पडदा टोचून त्यातून दोरी ओवतात आणि शिंगांच्या मागं नेऊन बांधतात, ती वेसण. हातात धरायचा कासरा त्या वेसणीला. पाच-सहाशे किलोचा खिल्लार वळू एखादी पंचेचाळीस किलोची बाई पाण्यावर नेते, ती या एवढ्याशा पडद्याच्या जोरावर. मऊ जागी, स्वच्छ सुईनं, भूल देऊन टोचलं आणि भोक भरून आल्यावरच धरलं, तर बैलाला पुढं फारसा त्रास नाही. पण आमच्याकडं टोचतात दाभणानं, तेही हाताला येईल तिथं. मग ओवतात नायलॉनची दोरी, कारण ती तुटत नाही. दोरी तुटत नाही, नाक तुटतं. हिसक्या-हिसक्यानं भोक खाली लांबत जातं, त्यात पू होतो, माश्या बसतात, आणि एक दिवस पडदा टोकापर्यंत फाटतो. नाक फाटलेल्या वळूला धरायला काही उरत नाही. असा बैल बाजारात कुणी घेत नाही आणि दावणीला कुणी ठेवत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, गुळगुळीत कडी घाला. तांब्याची किंवा स्टीलची. तिला आकडा लावलेली काठी अडकवा, म्हणजे बैल आणि माणूस यांच्यात काठीभर अंतर राहतं. बांधताना मात्र कडीला बांधू नका, डोक्यावरून घालायची मोरकी असते, तिला बांधा. एवढंच सांगायचं असतं. एवढ्यासाठी पाच वर्षं!

कारण दोन्हीकडून शिव्या मीच खाते. शहरातून फोन येतात, "मॅडम, तुम्ही प्राणिमित्र ना? मग बैलाच्या नाकात लोखंड कसलं घालता?" मी विचारते, बैल शेवटचा किती लांबून बघितलात? फोन बंद. आणि गावात गेलं की पारावरचा एकजण हमखास म्हणतो, "बैलाला नथ व्हय, ताई? लगीन ठरलंय का त्येचं?" हा विनोद मी प्रत्येक गावात ऐकला आहे, आणि प्रत्येक गावात सांगणाऱ्याला वाटतं की तो त्यालाच पहिल्यांदा सुचलाय.

खरं तर शहरवाल्यांवर चिडायचा मला हक्क नाही. नोकरीला लागले तेव्हा पहिलं पत्रक मीच लिहिलं होतं, "वेसण तोडा, बैल सोडा." यमक जुळल्याचा केवढा आनंद! आमच्याबरोबर फिरतात ते चौगुले डॉक्टर, सरकारी नोकरीत आयुष्यभर जनावरं तपासून निवृत्त झालेले. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "सोडलेला बैल बघितलाय का तुम्ही?" मी म्हणाले, नाही. "मग आधी बघा. लांबून." डॉक्टर जैन आहेत, सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन जेवतात. त्यामुळे आमचे सगळे दौरे उजेडात संपतात आणि गावकऱ्यांशी वाद घालायला वेळ नेहमी कमी पडतो. एवढा एक फायदा.

समजावून सांगितलं की लोक ऐकतात, असं तुम्हाला वाटत असेल तर कोरेगावच्या बाजूच्या एका हवालदारसाहेबांची गोष्ट सांगते. फौजेतून निवृत्त, गोठा असा की शेणसुद्धा ओळीत पडेल. कडी घालून घेणारे आमचे पहिले काही जण, त्यातले हे. मला वाटलं, शिस्तीचा माणूस, काळजी मिटली. तीन आठवड्यांनी फोन. "मॅडम, तुमची कडी फेल!" गेलो, तर बैलाचं नाक सुजून टम्म, आणि जवळ गेलं की बैल डोळे फिरवतोय. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. हवालदारसाहेब अटेन्शनमध्ये उभे. सगळं सूचनेप्रमाणे केलं म्हणतात. शेवटी दारातून त्यांच्या मंडळी बोलल्या.

"सांगा की त्यास्नी! रोज सकाळी सहाला पालिश करत्यात."

"कशाला?"

"कडीला. बैलाच्या नाकातल्या. बक्कल घासायची ती डबी हाय न्हवं पेटीत, त्येनं."

"काळी पडली हुती," हवालदारसाहेब म्हणाले. "टर्नआउट खराब दिसत हुता."

डॉक्टरांनी जखम धुतली. मी पत्रकात एक ओळ वाढवली, "कडीला पॉलिश लावू नये." त्या ओळीवर आजही सगळीकडं लोक हसतात. हसू देत. कुणीतरी लावलं होतं म्हणून ती ओळ आहे.

आता जतची गोष्ट. ती सांगायचीच म्हणून हे लिहायला घेतलं आणि तीच टाळत इतका वेळ हवालदारसाहेबांवर हसले.

जतच्या पलीकडं, पुढच्या गावात पाटी कानडीत लागते अशा एका वस्तीवर सिद्रामतात्या राहतात. मुलगा फौजेत, घरी तात्या आणि सून रेणुका. आणि चिमण्या. चिमण्या म्हणजे वळू. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून ते नाव, आता दारात उभा राहिला की घरात अंधार होतो. पंचक्रोशीतल्या गायी त्याच्याकडं आणतात. तात्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ते बाजेवरून हुकूम सोडतात आणि चिमण्याला धरते रेणुका.

उन्हाळ्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी चिमण्याचं नाक उचकटून बघितलं आणि मला बोलावलं. भोक लांबून लांबून खाली आलेलं. दोरी आणि नाकाचं टोक यांच्यामध्ये उरलं होतं एक बोट मांस. माझं बोट, डॉक्टरांचं नाही.

"ही दोरी आज काढू या," मी म्हणाले.

तात्या म्हणाले, "बेंदराला काढू."

इथं मला थांबून सांगावं लागेल. आमच्याकडं बैलाचा सण बेंदूर. त्या दिवशी बैल धुतात, शिंगं रंगवतात, पोळी खायला घालतात आणि नवी वेसण ओवतात. वर्षातून एकदा, त्याच दिवशी. मधेच वेसण बदलली तर बैलाला लागतं म्हणे. मग अकरा महिने ती सडली तरी चालेल! ओवायची रीतही अशी की नव्या दोरीचं टोक जुनीला बांधायचं आणि सर्रकन ओढायचं, म्हणजे जखमेतली सगळी घाण नव्या दोरीला. या एका रिवाजाशी मी जेवढी भांडले तेवढी घरच्यांशीसुद्धा भांडले नाही.

तात्यांशीही भांडले. तासभर. शेवटी ते म्हणाले, "बरं. बेंदराला नवी दोरी घालत न्हाई. तुमी या, तुमची कडी आना. तवर हिसका देऊ नगं म्हून सांगतो सुनंला." मी जिंकले! परतताना गाडीत डॉक्टरांना दहादा सांगितलं. ऑफिसात आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात बेंदराभोवती लाल गोल केला आणि नवं पत्रक छापलं, "या बेंदराला वेसण नको, कडी."

बेंदराच्या चार दिवस आधी आम्ही वस्तीवर पोहोचलो. चिमण्या दावणीला होता. शिंगांवर रंग होता, हिंगूळ आणि पिवळा, पण विटलेला, पावसाच्या शिंतोड्यांनी ओघळलेला. कपाळावरचा गोंडा मळलेला. आणि नाकात नवी निळी नायलॉनची दोरी, जुन्या जखमेतून ओवलेली. खालून पू गळत होता.

"हे काय केलंत?" मी ओरडलेच.

रेणुका म्हणाली, "कारहुणवी झाली, ताई. म्हैना झाला."

जतच्या सीमाभागात बेंदूर असतो कर्नाटकी, ज्येष्ठाच्या पौर्णिमेला. तीच कारहुणवी. आमचा महाराष्ट्री बेंदूर त्याच्यानंतर महिन्यानं, आषाढात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॅलेंडरवर दोन्ही छापलेले असतात. सांगलीच्या बाजारात मातीचे बैल दोनदा विकायला येतात, लहानपणी मी दोन्ही वेळा हट्ट करून घेतलेत. पण पत्रक लिहिताना माझ्या डोक्यात बेंदूर एकच, माझा.

चूक कळली, आणि चूक कळल्यावर माणूस करतो तेच मी केलं. आवाज चढवला. "तारीख माझी चुकली, मान्य. पण शब्द दिला होता ना तात्या? नवी दोरी घालणार नाही म्हणाला होता! एक फोन करता आला नाही?" तात्या बाजेवर बसून तंबाखू मळत राहिले. मला वाटलं, खजील झालेत.

डॉक्टरांनी दोरी कापली आणि जखम साफ केली. म्हणाले, चार-पाच आठवडे नाकाला काही लावायचं नाही. भरून आलं की वर, मऊ पडदा शाबूत आहे तिथं नव्यानं टोचू. तोवर मोरकीला दोन दोऱ्या लावायच्या, दोन बाजूंना दोन माणसं. पत्रकात चित्रच आहे तसं.

रेणुकानं चित्र बघितलं. "तुमचा कागूद मी वाचला, ताई. पर चिमण्याला वाचता येत न्हाई. वेसण न्हाई म्हटल्यावर वस्तीवरचं कोन हात लावनार? दुसरी दोरी कोन धरनार?"

"मी धरते," मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग मावळतीकडं बघितलं आणि गाडीत बसले.

अशी मी राहिले. तोवर दोन वर्षं बैलांच्या नाकाबद्दल बोलणारी मी, बैल हातात पहिल्यांदा धरला तो असा. हौद देवळामागं, घरापासून शंभरेक पावलांवर. पहिले तीन दिवस चिमण्या शहाण्यासारखा गेला आणि आला. मी मनातल्या मनात पुढचं पत्रक लिहायला लागले होते.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही हौदाशी पोहोचायला आणि पाण्याचा टँकर देवळाला वळसा घालून यायला एकच गाठ पडली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. घागरी घेऊन बायका धावल्या. घागरीवर घागर आदळली आणि चिमण्या बुजला. त्यानं मान वर फेकली, माझ्या तळव्यातून दोरी अशी सरकली की कातडी सोलून गेली, आणि मी ती सोडली. लिहिताना हात अडतो, पण सोडलीच. पत्रकात लिहिलंय, काही झालं तरी दोरी सोडू नये. ते मीच लिहिलंय.

चिमण्या रेणुकाच्या अंगावर फिरला. तिच्या मागं हौदाची भिंत. तिनं तिची दोरी सोडली नव्हती, म्हणूनच ती अडकली. त्यानं डोकं खाली घातलं, शिंगं तिच्या पोटाच्या उंचीला. बायका ओरडत होत्या, "येसन धर! येसन धर!" वेसण कुठली? ती मीच काढायला लावली होती.

मी त्याच्या तोंडाशी होते. पुढं जे केलं ते विचार करून केलं नाही. अंगठा आणि बोट त्याच्या नाकपुड्यांत घातलं आणि तो पडदा चिमटीत धरला. उघड्या जखमेवर. बोटं गरम घाणीत बुडाली. त्याचा श्वास कोपरापर्यंत आला. चिमण्या थरथरला आणि जागच्या जागी थांबला. त्याला किती दुखत होतं ते मला नेमकं माहीत होतं. दोन वर्षं मी दुसरं सांगत काय होते?

रेणुका भिंत आणि शिंग यांच्या मधून अंग चोरून बाहेर आली. तिचा श्वास लागला होता, पण आवाज शांत. "ताई, आता वर धरा. खाली वढू नगा. वर. खाली वढलं तर फाटंल."

एक बोट मांस. मी हात वर केला, त्याचं तोंड आभाळाकडं. रेणुकानं दोन्ही दोऱ्या धरल्या. आणि तसंच त्याला मी हौदापासून घरापर्यंत आणलं, माझ्या हाताला मुंग्या, मनगटावरून त्याचं रक्त खाली येतंय, आणि प्रत्येक पावलाला वाटतंय की आता चिमटीत काहीतरी सुटेल. बायकांनी वाट करून दिली. कुणी हसलं नाही.

दावणीला मोरकी बांधली तेव्हा मी बोटं सोडली. नाक फाटलं नव्हतं. रेणुकानं माझ्या हातावर पाणी ओतलं, मग स्वतःच्या पोटाला हात लावून बघितलं, आणि खाली बसली.

तात्या बाजेवरून बघत होते. "कळलं व्हय, बाई, येसन कशाला असती?"

माझा पारा चढला. म्हणाले, "कळलं. पण ती सडेपर्यंत ठेवली की काय होतं ते तुम्हाला कळलं का? कारहुणवीला नवी दोरी घातली नसती तर आज एवढं झालं नसतं."

तात्यांनी तंबाखू थुंकली. "कळलं हुतं म्हून तर थांबलो हुतो. समद्या वस्तीचे बैल मिरवले, ह्यो एकटा घरी. दिस बुडंस्तोवर तुमची वाट बघितली. मग जुन्या दोरीवर सण कसा सरू द्यायचा? घातली नवी."

"मग फोन..."

"केला हुता की. आठ दिस आधी. म्हटलं, बेंदराला येताय न्हवं? तर म्हनाले, तात्या, बेंदराला अजून म्हैना हाय, काळजी करू नगा."

"कोण म्हणालं?"

"तुमीच."

मला तो फोन आठवत नाही. असे वीस फोन येतात, मी एका हातानं टाइप करत बोलते. पण "काळजी करू नका" हे माझंच वाक्य आहे, मी ते सगळ्यांना म्हणते. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत, कारहुणवी आहे म्हणून?" मी विचारलं, आणि विचारतानाच आवाज खाली गेला होता.

"शिकल्याली मानसं तुमी," तात्या म्हणाले. "मला वाटलं, कायतरी हिशोब असंल तुमचा."

त्या दिवसापासून चिमण्याला आम्ही हलवलंच नाही. मी आणि रेणुका घागरींनी पाणी त्याच्यापुढं नेऊन ओतत होतो. बैलाला पाण्याकडं न्यायच्या ऐवजी पाणी बैलाकडं नेता येतं, ही अक्कल कुठल्याच पत्रकात नव्हती. मी निघाल्यावर एका शेजारणीनं दुसरी घागर धरली. नाक भरलं. डॉक्टरांनी भूल देऊन वरच्या बाजूला टोचलं, कडी बसवली. आता रेणुका आकड्याच्या काठीनं त्याला पाण्यावर नेते आणि तिच्या पोटापासून त्याचं शिंग काठीभर लांब असतं. वस्तीवरच्या आणखी चौघांनी कडी घालून घेतली. ते श्रेय माझं नाही. त्यांनी चिमण्याला काठीमागून चालताना बघितलं, पत्रक कुणी वाचलं नाही.

पत्रक मी बदललं. वर आता मोकळी जागा असते: "तुमच्या गावचा बेंदूर कधी?" ती भरून घेतल्याशिवाय मी पुढं बोलत नाही. तरी परवा एका गावात एकानं विचारलंच, "बैलाला नथ व्हय, ताई?" त्याच्यावर चिडायचं तेवढं मी चिडलेच.

आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तात्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, खुशाली नाही.

"बाई, बेंदूर कवा हाय?"

मी सगळं काम बाजूला ठेवते, कॅलेंडर काढते, ज्येष्ठाची पौर्णिमा बघते आणि वार सांगते.

"बरोबर," ते म्हणतात आणि फोन ठेवतात.